दोन इंची प्रिंटर, पंधरा अक्षरांचा बिल नंबर आणि न उमटणारा बारकोड

प्रश्न असा आलाय: "कोल्हापुरात महाद्वार रोडला आमचं चपलांचं दुकान आहे. नवीन दोन इंची थर्मल प्रिंटर घेतला. पेटीवर यूपीसी-ए, यूपीसी-ई, ईएएन-१३, ईएएन-८, कोड ३९, आयटीएफ, कोडाबार, कोड ९३, कोड १२८ आणि क्यूआर एवढी बारकोडच्या प्रकारांची नावं छापलीत. माप बदलायला गिऱ्हाईक आलं की बिल स्कॅन करून लगेच उघडावं, म्हणून बिल नंबर बारकोडमध्ये टाकायचाय. ईएएन-१३ व्यवस्थित छापतो. कोड १२८ निवडला की नुसता कोरा कागद पुढं सरकतो. प्रिंटर बदलून घेऊ का?"

नका घेऊ, प्रिंटर चांगला आहे. मी राजारामपुरीत बिलिंगची मशिनं, काटे आणि प्रिंटर दुरुस्त करतो. "बारकोड येत नाही" म्हणून पिशवीत घालून आणलेले बहुतेक प्रिंटर मी तसेच्या तसे परत पाठवलेत. तुमच्याकडं दोन अडचणी एकावर एक बसल्यात. पहिली सुटली की दुसरी दिसेल, म्हणून दोन्ही आत्ताच सांगतो.

पहिली सॉफ्टवेअरची. हे बिलाचे बहुतेक प्रिंटर, नाव कुठलंही असो, एप्सन कंपनीने बसवलेली ईएससी/पीओएस नावाची आज्ञांची भाषा बोलतात. त्यात बारकोडची आज्ञा आकड्यांत २९, १०७ अशी सुरू होते आणि तिसरा आकडा प्रकार सांगतो. हा तिसरा आकडा दोन पद्धतींनी देता येतो. जुन्या पद्धतीत ० ते ६, म्हणजे यूपीसी-ए पासून कोडाबारपर्यंत सातच प्रकार, आणि मजकूर संपला हे सांगायला शेवटी शून्य. नव्या पद्धतीत ६५ पासून पुढं, आणि मजकूर किती अक्षरांचा ते आधीच सांगायचं. कोड ९३ आणि कोड १२८ या जुन्या सातांत नाहीतच. ते फक्त नव्या पद्धतीत, ७२ आणि ७३ वर. तुमचं सॉफ्टवेअर जुन्या पद्धतीने लिहिलेलं असेल तर त्याला ईएएन-१३ येणार आणि कोड १२८ येणार नाही.

समजा नव्या पद्धतीने लिहिलंय, तरी एक खोच राहते. कोड १२८ चे आत तीन संच आहेत: ए, बी आणि सी. कुठल्या संचाने सुरुवात करायची हे प्रिंटरला मजकुराच्या आधी सांगावं लागतं, उघडणारा महिरपी कंस आणि त्यापुढं संचाचं अक्षर असं. बी साठी आकड्यांत १२३, ६६. ही दोन अक्षरं नसली की पुष्कळ प्रिंटर मुकाट्याने काहीच छापत नाहीत. एररचा दिवा नाही, आवाज नाही, कोरा कागद. माझ्याकडं आलेल्या "कोड १२८ चालत नाही" या तक्रारींत सगळ्यांत जास्त वेळा हेच निघालंय.

ही दोन अक्षरं घातल्यावर पोरं दुसरी चूक करतात. लांबी सांगताना ती दोन मोजायची राहतात. पंधरा अक्षरांचा बिल नंबर असेल तर लांबी १७ सांगायला हवी. १५ सांगितली की बारकोड छापला जातो, स्कॅनर टीक करतो, सगळे खूश. मग नीट बघितलं की बारकोडच्या खाली नंबराचे शेवटचे दोन अंक साध्या अक्षरांत वेगळेच पडलेले दिसतात, आणि स्कॅन केलेला नंबर दोन अंकांनी तोकडा असतो. मध्यंतरी एका दुकानात याच कारणाने १०० पासून १९९ पर्यंतची सगळी बिलं संगणकाला एकच वाटत होती. शेवटचे दोन अंक गेले की उरतं तेवढंच.

आता दुसरी अडचण, रुंदीची. इथं थोडं गणित करू, कारण पेटीवरच्या यादीपेक्षा हेच जास्त कामाचं आहे.

तुमचा रोल ५८ मिलिमीटरचा, पण छपाईचं हेड छापतं त्यातले ४८ मिलिमीटर. हे प्रिंटर बहुतेक २०३ डीपीआयचे असतात, म्हणजे एका मिलिमीटरला ८ ठिपके. ४८ गुणिले ८, तुमच्या हातात आडवे ३८४ ठिपके. तीन इंची प्रिंटरला ८० मिलिमीटरच्या रोलवर ७२ मिलिमीटर छपाई, म्हणजे ५७६ ठिपके. जे काय बसवायचं ते एवढ्यातच.

बारकोडमधली सगळ्यांत बारीक रेघ म्हणजे एक मॉड्यूल. ईएएन-१३ कायम ९५ मॉड्यूलचा. कोड १२८ मात्र मजकुराप्रमाणे लांबतो: प्रत्येक अक्षराला ११ मॉड्यूल, वर सुरुवात, तपासणी आणि शेवट मिळून ३५. तुमच्या बिलाचा नंबर बहुतेकांसारखा "केएलपी/२५-२६/००१२३" अशा धाटणीचा असणार. रोमन लिपीत ती पंधरा अक्षरं. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे नंबर सोळा अक्षरांपर्यंत चालतो आणि त्यात तिरकी रेघ आणि आडवी रेघ एवढीच चिन्हं चालतात, म्हणून सगळे अकाउंटंट साधारण याच साच्यात नंबर बसवतात. तर पंधरा गुणिले अकरा, अधिक ३५, झाले २०० मॉड्यूल.

एका मॉड्यूलला किती ठिपके द्यायचे, त्याची वेगळी आज्ञा आहे (२९, ११९) आणि बहुतेक प्रिंटरांत न सांगता ती ३ वर असते. २०० गुणिले ३ म्हणजे ६००. तीन इंची घेतला असता तरी मावला नसता. २ वर आणलं तर ४००. तुमच्याकडं ३८४. सोळा ठिपके कमी पडले, म्हणजे फक्त दोन मिलिमीटर. पण प्रिंटर अर्धवट बारकोड छापत नाही. मावत नसेल तर तो छापायचंच सोडून देतो, आणि पुन्हा तोच कोरा कागद. ईएएन-१३ चं तुमच्याकडं का जमतं तेही यातच आलं: ९५ गुणिले ३ म्हणजे २८५, आरामात बसतो.

काही चिनी प्रिंटरांत मॉड्यूलला १ ठिपकाही देता येतो. देऊ नका. आठव्या हिश्श्याच्या मिलिमीटरची रेघ थर्मल कागदावर फुगते आणि शेजारचीला चिकटते. माझ्या टेबलावरचा चांगला स्कॅनर ती कधीमधी वाचतो, तुमच्या काउंटरवरचा वाचणार नाही.

मग करायचं काय? बिलावर छापलेला नंबर आणि बारकोडमधला नंबर एकच असायला हवा, असा काही कायदा नाही. बारकोडमध्ये नुसते आठ अंक टाका: वर्षाचे दोन आणि अनुक्रमाचे सहा, जसं २५०००१२३. सॉफ्टवेअरवाल्याला सांगा की या नंबरावरून बिल उघडलं पाहिजे. कोड १२८ च्या सी संचात दोन अंक मिळून एक अक्षर धरतात, त्यामुळं आठ अंकांना चारच अक्षरं लागतात: ७९ मॉड्यूल. ३ ठिपक्यांनी २३७ ठिपके, तीस मिलिमीटरच्याही आत, जाड आणि ठसठशीत. आज्ञा अशी होते: २९, १०७, ७३, ६, १२३, ६७, २५, ०, १, २३. बघा, इथं अंकांच्या जोड्या सरळ आकडा म्हणून जातात, "२" आणि "५" अशी अक्षरं म्हणून जात नाहीत. मधला तो ० काही प्रोग्रॅममध्ये गोंधळ घालतो, कारण त्यांना शून्य दिसलं की मजकूर संपला असं वाटतं. सी संच सगळ्या प्रिंटरांवर सारखा वागतो असंही नाही, म्हणून दहा बिलं छापून, स्कॅन करून, पडद्यावरचा नंबर ताडून बघा. नाही जमलं तर तेच आठ अंक बी संचात टाका. १२३ मॉड्यूल, २ ठिपक्यांनी २४६. तेही बसतं.

"मग ईएएन-१३ छापतोच आहे तर त्यातच बिल नंबर घालू का?" हे तुम्ही विचारणारच. बारा अंक पाठवले की तेरावा तपासणीचा अंक प्रिंटर स्वतः काढतो, म्हणून मोह होतो. पण ईएएन हा मालाचा नंबर आहे. ८९० ने सुरू होणारा म्हणजे जीएस१ इंडिया या बारकोडचे नंबर देणाऱ्या संस्थेकडं नोंदवलेल्या कंपनीचा. (भारतात बनलेला माल असा त्याचा अर्थ होत नाही, ही समजूत लई पसरलीय.) बिल नंबराच्या पुढं शून्यं लावून तेरा अंक केले, तर पहिलं शून्य असलेला ईएएन-१३ आणि अमेरिकन यूपीसी-ए हे रेघांनी अगदी सारखे असतात. पुष्कळ स्कॅनर त्याला यूपीसी-ए समजून पुढचं शून्य गिळतात आणि बाराच अंक देतात. दुकानातला एक स्कॅनर बदलला की काल चालणारं आज चालत नाही, आणि दोष जातो प्रिंटरवर.

दुकानाच्या आतल्या वापरासाठी ईएएन-१३ मधला २० ते २९ ने सुरू होणारा पट्टा मोकळा ठेवलेला आहे. त्याचा खरा उपयोग वजनकाट्यावर होतो. फरसाण किंवा गुळाच्या दुकानात काट्यातून निघणारं लेबल बघा: २१०००४५०१२५०६. पहिले दोन अंक काट्याचे, पुढचे पाच वस्तूचा नंबर ४५, नंतरचे पाच वजन, १ किलो २५० ग्रॅम, आणि शेवटचा ६ तपासणीचा. तो असा येतो: पहिल्या बारांपैकी विषम जागचे अंक जसेच्या तसे, सम जागचे तिपटीने, सगळी बेरीज ३४, पुढच्या दहाच्या पाढ्याला म्हणजे ४० ला कमी पडतात ६. हिशेब जुळला तर स्कॅनर टीक करतो, नाहीतर गप्प. मात्र त्या पाच अंकांत वजन आहे की किंमत, हे काटा आणि बिलिंग दोघांतही एकच लावलेलं असावं. एका ठिकाणी काटा वजन लिहीत होता आणि काउंटर ते रुपये समजत होता. पाव किलो चिवड्याला अडीचशे रुपये लागल्यावर गिऱ्हाइकाने आवाज चढवला, तेव्हा उलगडा झाला.

यादीतली बाकीची नावं तुमच्या उपयोगाची नाहीत. कोड ३९ ला फक्त मोठी रोमन अक्षरं, अंक आणि थोडी चिन्हं येतात आणि तो कोड १२८ पेक्षाही लांब होतो. त्याचा फॉन्ट मिळतो म्हणून एक्सेलवाले अजून वापरतात. आयटीएफला अंक जोडीतच लागतात. तो खोक्यांवर शोभतो. कोडाबार रक्तपेढ्या आणि ग्रंथालयांत रुळला, बिलावर त्याचं काम नाही. कोड ९३ मी आजवर कुणाच्या बिलावर बघितलेला नाही. मराठी अक्षरं यातल्या एकातही जात नाहीत.

क्यूआरचं वेगळं आहे. पेटीवर "क्यूआर" लिहिलंय याचे दोन अर्थ असू शकतात: प्रिंटरला क्यूआरची स्वतःची आज्ञा येते, किंवा संगणकाने चित्र म्हणून पाठवलेलं क्यूआर तो छापतो. दुसरं तर कुठलाही प्रिंटर करतो! प्रिंटर बंद करा, फीडचं बटण दाबून धरून चालू करा. सेल्फ टेस्टची लांब पट्टी येईल. पुष्कळ प्रिंटर त्यात आपल्याला येणारे कोड नमुन्यादाखल छापतात. पेटीपेक्षा त्या पट्टीवर विश्वास ठेवा.

बिलावर रकमेसकट यूपीआयचा क्यूआर छापायचा असेल तर तीच मोजणी करा. यूपीआयची लिंक शंभरेक अक्षरांची होते. दुरुस्तीची पातळी एम ठेवली (पंधरा टक्के खराब झालं तरी वाचता येतं) तर ४१ गुणिले ४१ चौकटींचं क्यूआर लागतं. चारी बाजूंना चार-चार चौकटी कोऱ्या, म्हणजे ४९. एका चौकटीला ६ ठिपके दिले तर २९४ ठिपके, दोन इंचीवरही छान बसतं. फक्त लिंकमध्ये दुकानाचं नाव देवनागरीत घालू नका. लिंकमध्ये एकेका देवनागरी चिन्हाची टक्क्याच्या खुणा धरून नऊ अक्षरं होतात. नुसतं "महालक्ष्मी" लिहिलं तरी काना, वेलांटी, हलन्त धरून दहा चिन्हं, म्हणजे नव्वद अक्षरं. क्यूआर एकदम दाट होतं आणि गिऱ्हाईक मोबाईल मागे-पुढे करत बसतं. लिंकमधलं नाव रोमनमध्ये ठेवा, मराठी नाव बिलाच्या डोक्यावर चित्र म्हणून मोठं छापा.

ज्यांची उलाढाल पाच कोटींच्या वर आहे त्यांना व्यापाऱ्याला दिलेल्या बिलावर ई-इन्व्हॉइसचं क्यूआर लागतं. त्यात सरकारी सहीसकट शेकडो अक्षरं असतात आणि बाजूला शंभराच्या आसपास चौकटी येतात. ते दोन इंचीवर छापायचा हट्ट करू नका. तीन इंची घ्या, नाहीतर सरळ ए-फोरवर काढा.

आता छापलेला बारकोड वाचला जात नसेल तर काय बघायचं. विंडोजच्या ड्रायव्हरमधून बारकोड चित्र म्हणून जात असेल आणि "पानात बसवा" असं काही चालू असेल, तर रेघा अडीच ठिपक्यांच्या व्हायला बघतात. अर्धा ठिपका छापता येत नाही, मग कुठं दोन, कुठं तीन. डोळ्याला बारकोड सुबक दिसतो, स्कॅनरला कळत नाही. म्हणून जमेल तिथं प्रिंटरच्या आज्ञेनेच छापा. छपाईचा गडदपणा पूर्ण वर नेऊन ठेवण्याची सवयही वाईट. काळंभोर बिल बघायला बरं वाटतं, पण रेघा फुगून मधल्या फटी बुजतात.

आणि हेड. गांधीनगरच्या एका कापड दुकानातून प्रिंटर आला होता, तक्रार "कधी वाचतो, कधी नाही". बिल उजेडात धरलं तर वरपासून खालपर्यंत केसाएवढी पांढरी रेघ. हेडचा एक ठिपका मेलेला. बिलाच्या अक्षरांत ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, पण बारकोडच्या रेघा त्याच दिशेत उभ्या असतात. मेलेला ठिपका बरोबर एका बारीक रेघेवर आला की तिची निम्मी जाडी गेली. नंबराप्रमाणे रेघा बदलतात, म्हणून काही बिलं वाचली जायची, काही नाही. विचारलं तर कळलं, चिकटलेला कागद पोराने ब्लेडने खरवडला होता. हेडला ब्लेड, स्क्रू ड्रायव्हर, नखसुद्धा लावू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ कापड, आणि हेड गार झाल्यावर. त्या माणसाला मी तात्पुरता उपाय म्हणून बारकोड मधून डावीकडं सरकवून दिला. मेलेली जागा कोऱ्या भागात गेली. नवीन हेड येईपर्यंत त्यांचं काम चाललं.

स्कॅनरची एक गंमत सांगतो, कारण ती फक्त आपल्याकडंच होते. स्कॅनर संगणकाला कीबोर्ड म्हणूनच दिसतो. एका दुकानात मालक मराठीत नावं टाइप करत आणि भाषा बदलायची विसरत. बारकोडमधल्या रोमन "केएलपी" च्या जागी पडद्यावर "खथझ" यायचं. मराठीच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर त्या तीन मोठ्या अक्षरांच्या जागी हीच अक्षरं आहेत. मला फोन आला, "अहो, स्कॅनर मराठी झालाय!" शिवाय लाल लेझरचा साधा स्कॅनर क्यूआर वाचत नाही, मोबाईलच्या पडद्यावरचा बारकोडही बहुधा नाही. त्याला टू-डी स्कॅनर लागतो. नवीन घेणार असाल तर तोच घ्या.

तुमच्या धंद्यापुरती एक शेवटची गोष्ट. थर्मल कागदावर शाई नसते, उष्णतेने काळा होणारा थर असतो, आणि तेल हा त्याचा वैरी. कोल्हापुरी चपलेला तेल पाजलेलं असतं. बिल तुम्ही चपलांबरोबर खोक्यात टाकून दिलं की तेलकट चामड्याला लागून ते उडतं, आणि आठवड्याने गिऱ्हाईक माप बदलायला येतं तेव्हा बारकोडच्या जागी राखाडी डाग असतो. बिल हातात द्या किंवा खोक्याच्या बाहेरून लावा. बारकोडखाली अंक छापायची आज्ञा आहे: २९, ७२, २. ती चालू ठेवा, म्हणजे रेघा अर्ध्या गेल्या तरी आठ अंक हाताने टाइप करता येतील. आणि बारकोडनंतर चार-पाच ओळी कोऱ्या सोडा. हेड आणि फाडायची पट्टी यांत अंतर असतं, घाईत फाडलं की बारकोडचा खालचा भाग आणि ते अंक पुढच्या गिऱ्हाइकाच्या बिलावर जातात.